विद्यार्थ्यांना उभी इमारत वाचायला शिकवा: भूकंप अभियांत्रिकीच्या अभ्यास मंडळांना खुलं पत्र

आदरणीय सदस्यहो,

भूकंप अभियांत्रिकीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळांना, विभागप्रमुखांना आणि प्रबंधांच्या मार्गदर्शकांना मी हे पत्र लिहिते आहे. मी संरचना अभियंता आहे. नव्या इमारतींची डिझाइनं करते, जुन्या इमारती तपासते, आणि अधूनमधून या विषयाच्या प्रबंधांना बाह्य परीक्षक म्हणूनही बसते. या तिन्ही कामांत मला एकच गोष्ट खटकत आली आहे. दोन वर्षं शिकून बाहेर पडणारा विद्यार्थी संगणकावरच्या इमारतीबद्दल तासभर बोलू शकतो. त्याच विद्यार्थ्याला एखाद्या खऱ्या, तीस-चाळीस वर्षं जुन्या इमारतीसमोर उभं करून विचारलं की ही भूकंपात कुठे तुटेल, तर तो गप्प होतो. हुशारी कमी नसते, मेहनतही कमी नसते. कुठे पाहायचं हे त्याला शिकवलेलंच नसतं.

माझी मागणी सुरुवातीलाच सांगते. अस्तित्वातल्या इमारतींचं मूल्यमापन आणि मजबुतीकरण हा विषय ऐच्छिक विषयांच्या यादीतून बाहेर काढा, सक्तीचा करा, आणि पहिल्याच सत्रात आणा. बाकीचे विषय त्याच्या आधाराने शिकवा. हे का, ते पुढे लिहिते आहे. पत्र थोडं लांबेल, पण कृपया शेवटपर्यंत वाचा.

ही विद्याशाखा पडलेल्या इमारतींच्या ढिगाऱ्यापाशी जन्मली. १९०८ सालच्या भूकंपात मेसिना शहर उद्ध्वस्त झाल्यावर इटलीने अभियंत्यांची समिती नेमली आणि त्या समितीकडून पहिल्यांदा आकड्यातला नियम आला: खालच्या मजल्यासाठी वरच्या वजनाचा बारावा भाग आणि त्यावरच्या मजल्यांसाठी आठवा भाग इतकं आडवं बल धरा. १० मार्च १९३३ ला लाँग बीचच्या भूकंपात शाळांच्या इमारती कोसळल्या. संध्याकाळची वेळ होती म्हणून वर्ग रिकामे होते. बरोबर एका महिन्यात कॅलिफोर्नियाने शाळांच्या बांधकामासाठी फील्ड कायदा केला. त्याच भूकंपात जोरदार हादऱ्यांच्या पहिल्या उपयुक्त नोंदी मिळाल्या आणि आज आपण ज्याच्याशिवाय एक पान लिहीत नाही त्या रिस्पॉन्स स्पेक्ट्रमला, म्हणजे वेगवेगळ्या लयीत डोलणाऱ्या इमारती एखाद्या भूकंपाला किती प्रतिसाद देतील हे दाखवणाऱ्या आलेखाला, खरा आधार मिळाला. १९६४ च्या भूकंपात जपानमधल्या नीगाता शहरातल्या चार मजली इमारती न मोडता, अखंडच्या अखंड कलंडल्या, आणि त्यानंतर वाळूच्या द्रवीकरणाचा, म्हणजे ओली वाळू हादऱ्यांत द्रवासारखी वागू लागते त्याचा, अभ्यास जोमाने सुरू झाला. संस्थाही अशाच उभ्या राहिल्या. स्कोप्ये शहर जुलै १९६३ मध्ये पडलं आणि १९६५ मध्ये तिथे भूकंप अभियांत्रिकीची संस्था सुरू झाली. रुरकीचं केंद्र १९६० चं, जपानची आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्था १९६२ ची. या केंद्रांमध्ये शिकवणारी पहिली पिढी आधी काय मोडलं ते पाहत असे आणि मग समीकरणाकडे वळत असे. आपण हा क्रम उलटा केला, आणि आता तर दुसरा टप्पा गाठायच्या आतच पदवी देऊन टाकतो.

आजचा सरासरी प्रबंध कसा असतो हे आपण सगळेच जाणतो. दहा किंवा पंधरा मजली इमारत, चौरस किंवा आयताकृती आराखडा, सगळे स्पॅन सारखे, जमीन सपाट, पाया घट्ट धरलेला. तीन-चार पर्याय: साधी चौकट, शिअर वॉल (आडवं बल पेलणारी काँक्रीटची भिंत), ब्रेसिंग (तिरके आधार), क्वचित बेस आयसोलेशन (इमारतीला पायापासून अलग ठेवणारे लवचीक आधार). मग सॉफ्टवेअरमध्ये टाइम हिस्टरी, म्हणजे भूकंपाची नोंद क्षणाक्षणाने मॉडेलला देऊन केलेलं गणित, आणि नोंद बहुधा कॅलिफोर्नियातल्या एल सेंट्रोची, १९४० ची. माती कुठलीही असो, भूकंपाचा उगम कुठल्याही प्रकारचा असो, नोंद तीच. कारण ती सॉफ्टवेअरसोबत आयती मिळते. शेवटी रंगीत आलेख आणि निष्कर्ष, की शिअर वॉलमुळे विस्थापन कमी होतं. ही गोष्ट प्रबंध सुरू होण्याआधीही ठाऊक होती. त्या विद्यार्थ्याने वर्षभर रात्री जागवलेल्या असतात, म्हणून हे वाचताना मला त्याच्याविषयी वाईट वाटतं. त्याच्या हाती आपण खरा प्रश्न दिलाच नाही.

अशा प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत मी एक प्रश्न नेहमी विचारते: संगणकाला हात न लावता सांगा, काँक्रीटच्या चौकटीची दहा मजली इमारत एकदा डोलायला साधारण किती वेळ घेईल? उत्तर एक सेकंदाच्या आसपास आहे, दर मजल्याला साधारण एक दशांश सेकंद. हा ठोकताळा आहे, पण फार कामाचा. तो माहीत असेल तर मॉडेलने साडेतीन सेकंद दाखवल्यावर मनात घंटा वाजते, की वस्तुमान कितीतरी पट जास्त धरलं गेलं, किंवा कुठलातरी जोड बिजागरीसारखा सुटा राहिला. माहीत नसेल तर साडेतीन सेकंदांवर पुढची ऐंशी पानं रचली जातात. आणि प्रत्यक्षात चौकटीत विटांच्या भिंती भरलेल्या असतात, त्या इमारतीला आणखी ताठ करतात, आवर्तकाल, म्हणजे एकदा डोलायला लागणारा वेळ, आणखी कमी होतो. मॉडेलमध्ये त्या भिंती फक्त वजन म्हणून येतात, ताठरपणा म्हणून येतच नाहीत. मग तळमजल्यावर गाड्यांसाठी जागा मोकळी सोडली आणि वर सगळीकडे भिंती आहेत, या फरकाचा मॉडेलला पत्ताच लागत नाही.

पण भूकंपाला लागतो. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला आणि दोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती पडल्या. त्यांतल्या अनेकींचा तळमजला असाच मोकळा होता. त्याआधी तीस वर्षं, १९७१ मध्ये सॅन फर्नांडोच्या भूकंपात ऑलिव्ह व्ह्यू हे नुकतंच बांधून झालेलं रुग्णालय अशाच कमकुवत खालच्या मजल्यामुळे इतकं कललं की ते पाडावं लागलं. म्हणजे कारण माहीत होतं, पाठ्यपुस्तकात छापलेलं होतं, आणि इमारती तरीही तशाच बांधल्या जात होत्या. विद्यार्थ्याला ‘सॉफ्ट स्टोरी’ची, म्हणजे अशा कमकुवत मजल्याची, व्याख्या पाठ असते. ती त्याने रस्त्यावरून चालताना ओळखली पाहिजे आणि तिच्यावरचा उपाय त्याला कागदावर काढून दाखवता आला पाहिजे. कुठले कॉलम जाड करायचे, भिंत कुठे घालायची, त्या नव्या भिंतीखालचा पाया पुरेल का, आणि हे सगळं करताना वर राहणाऱ्या माणसांचं काय करायचं. या शेवटच्या प्रश्नासाठी अभ्यासक्रमात एकही तास नाही.

आता ज्या मुद्द्यावर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे तो. भूकंपात इमारत पूर्णपणे लवचीक राहिली, कुठेही न वाकता न तडकता परत जागेवर आली, तर तिच्यावर जे बल येईल, त्या बलासाठी आपण सहसा डिझाइन करत नाही. ते परवडत नाही. त्या बलाला एका गुणकाने भागतो. ‘आर’ हा गुणक कुठे पाच, काही बांधकाम संहितांत आठपर्यंत असतो. विद्यार्थी ‘आर बरोबर पाच’ असं लिहितो आणि पुढच्या ओळीवर जातो. माझी कळकळीची विनंती आहे की त्याला त्या ओळीवर थांबवा. बल पाच पटींनी कमी करण्याची ही सवलत इमारतीने एका वचनाच्या बदल्यात घेतलेली असते: मी वाकेन, पण तुटणार नाही. आणि ते वचन पाळलं जातं ते सॉफ्टवेअरबाहेर, कॉलमच्या टोकाशी उभ्या सळयांभोवती एकमेकींच्या जवळ घातलेल्या रिंगांमध्ये आणि त्या रिंगांच्या हुकांमध्ये.

भूकंपात कॉलमचं बाहेरचं कव्हर, म्हणजे सळयांवरचा काँक्रीटचा थर, लवकर गळून पडतं. त्यानंतर आतल्या काँक्रीटला धरून ठेवायला आणि उभ्या सळया बाहेर फुगू न द्यायला फक्त रिंगा उरतात. रिंगेची टोकं नव्वद अंशांत वाकवून कव्हरमध्येच ठेवलेली असतील तर कव्हर गेल्याबरोबर रिंग उघडते, उभ्या सळया कंदिलासारख्या फुगतात, आतलं काँक्रीट भुगा होऊन सांडतं. टोकं एकशे पस्तीस अंशांत वाकवून आतल्या काँक्रीटमध्ये रुतवली असतील तर तोच कॉलम वाकतो, तडकतो, पण वरचं वजन पेलत राहतो. हुकाच्या पंचेचाळीस अंशांवर माणसं वाचतात किंवा जातात. कॉलम आणि बीम मिळतात त्या सांध्यात तर रिंगा घालणं फारच अवघड असतं. चारी बाजूंनी सळयांची दाटी, हात जात नाही, फिटर कंटाळतो, आणि कुणी पाहायला नसेल तर तिथल्या रिंगा राहून जातात. पडलेल्या इमारतींची छायाचित्रं नीट पाहिली तर अशा बिनरिंगांच्या सांध्यांची ओळख पटते.

न्यूझीलंडमध्ये पार्क आणि पॉले यांनी घडवलेली क्षमता डिझाइनची पद्धत आपण शिकवतो: कॉलम बीमपेक्षा बळकट ठेवा, कुठे वाकायचं ते आपण ठरवा, आणि बाकी सगळं त्याहून मजबूत करा. या विषयातला मला सर्वांत सुंदर वाटणारा विचार हाच आहे. तो फळ्यावर एका तासात सांगून होतो, पण अंगात मुरत नाही. मुरायला हवा असेल तर प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एकदा स्वतःच्या हाताने रिंग वाकवावी, एका सांध्याच्या सळया बांधाव्यात, त्यात काँक्रीट ओतावं, अठ्ठावीस दिवस थांबावं आणि मग तो नमुना मागेपुढे ढकलून मोडावा. एक नव्वद अंशांचा, एक एकशे पस्तीसचा. दोघांच्या बल-विस्थापनाच्या आलेखांत जो फरक दिसेल तो त्याला जन्मभर पुरेल. याला जपानमधल्या ई-डिफेन्ससारखं वीस मीटर बाय पंधरा मीटरचं, बाराशे टन हलवणारं शेक टेबल लागत नाही. एक भक्कम रिअ‍ॅक्शन फ्रेम, एक जॅक आणि बल मोजणारा एक लोड सेल पुरतो. बहुतेक विभागांत ही सामग्री आहे. फक्त ती पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेली असते.

मातीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यावर अनेकांनी आधीच लिहिलं आहे. १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळ ८.० तीव्रतेचा भूकंप झाला. साडेतीनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या मेक्सिको सिटीत, जुन्या सरोवराच्या मऊ चिकणमातीवर, हादरे सुमारे दोन सेकंदांच्या लयीत अनेक पटींनी वाढले आणि सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींना सर्वाधिक फटका बसला. त्याच शहरात खडकावरच्या भागात हादरे तुलनेने सौम्य होते. तरीही अनेक अभ्यासक्रमांत माती एका विभागात, संरचना दुसऱ्या विभागात आणि भूकंपशास्त्र तिसऱ्याच इमारतीत शिकवलं जातं, आणि तिघांची भेट होते ती गुणपत्रिकेवर. संरचनेच्या प्रबंधात मातीचा एक तरी खरा बोअरहोल (जमिनीत खोल भोक पाडून केलेली मातीची तपासणी) आणि त्याच जागेला साजेशा निवडलेल्या भूकंपाच्या नोंदी असायलाच हव्यात, असा नियम करणं आपल्या हातात आहे.

यापुढचा मुद्दा मला जास्त अस्वस्थ करतो. आपण जे शिकवतो ते जवळजवळ सगळं काँक्रीटच्या आणि पोलादाच्या चौकटींबद्दल आहे. जगात भूकंपात मरणाऱ्यांचा फार मोठा वाटा मात्र दगडाच्या, विटांच्या आणि मातीच्या घरांत मरतो, ज्यांच्यासाठी कधी अभियंता बोलावलाच गेला नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप ६.२ तीव्रतेचा होता. जागतिक मापाने तो मध्यम म्हणावा असा. सुमारे दहा हजार माणसं गेली. तो प्रदेश भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या विभागात मोडत होता. घरांच्या भिंती ओबडधोबड दगडांच्या, मातीत रचलेल्या, बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा आणि मध्ये बारीक दगडमातीची भर. हादरे बसले की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात आणि वरचा मातीचा जड धाबा खाली येतो. यावरचे उपाय साधे आहेत आणि माहीत आहेत: दोन्ही थरांना बांधणारे लांब आरपार दगड, दारे-खिडक्यांच्या वरून घराभोवती फिरणारा सलग पट्टा, कोपऱ्यांना सळया, वरचं वजन कमी करणं. २०१५ च्या गोरखा भूकंपात नेपाळमध्ये जवळपास नऊ हजार माणसं दगावली, आणि त्याच भूकंपात काठमांडू खोऱ्यातल्या आधी मजबुतीकरण केलेल्या शाळांच्या इमारती टिकून राहिल्या. म्हणजे हे काम होतं, आणि जीव वाचवतं. भूकंप अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या किती जणांना दगडी भिंतीच्या मजबुतीचा अंदाज बांधता येतो? दगडी बांधकाम अभियंत्याच्या दर्जाला साजेसं नाही असा एक समज आपल्या वर्गांमध्ये न बोलता झिरपलेला आहे. तो आपणच काढू शकतो.

तपासणीबद्दलही बोलायला हवं. मोठा भूकंप झाला की दुसऱ्या दिवशी आपल्याच विद्यार्थ्यांना बोलावलं जातं. हातात फॉर्म, हिरवी (वापरा), पिवळी (जपून वापरा) आणि लाल (आत जाऊ नका) पत्रकं, आणि समोर भेदरलेली माणसं: साहेब, आत जाऊ का? ४ सप्टेंबर २०१० ला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चजवळ ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यानंतरच्या जलद पाहणीत सीटीव्ही या इमारतीला हिरवं पत्रक मिळालं. पाहणी डोळ्यांना दिसणाऱ्या नुकसानीपुरती होती. पुढच्या वर्षी २२ फेब्रुवारीला शहराच्या अगदी जवळ त्याहून लहान भूकंप झाला. १८५ माणसं गेली, त्यांतली ११५ एकट्या सीटीव्ही इमारतीत. नंतरच्या रॉयल कमिशनने स्पष्ट सांगितलं की १९८६ साली त्या इमारतीला परवाना द्यायलाच नको होता, कारण तिचं डिझाइन त्या वेळच्या नियमांतही बसत नव्हतं.

यात शिकवण्यासारखं किती आहे पाहा. नुकसान कमी दिसलं म्हणजे इमारत सुरक्षित, हे गृहीतक मोडतं. जुने आराखडे काढून पाहिल्याशिवाय दिलेल्या मताची किंमत किती, हे कळतं. भूकंपाची तीव्रता आणि एखाद्या जागेवरचे हादरे यांतला फरक उघडा पडतो. आणि डिझाइन करणारा अभियंता आपल्या अनुभवाच्या पलीकडचं काम घेतो तेव्हा काय होतं, हेही दिसतं. त्या अहवालावर पूर्ण सत्र चालू शकेल. विद्यार्थ्यांनी तो वाचावा, त्यातले आराखडे तपासावेत, आपण त्या पाहणीत असतो तर कुठे बोट ठेवलं असतं ते लिहावं. आपल्याकडे असे अहवाल ‘अधिक वाचनासाठी’ म्हणून दिले जातात आणि अधिक कुणी वाचत नाही. त्याच शहराचा दुसरा धडा असा की नियमांप्रमाणे बांधलेल्या बऱ्याच इमारतींनी माणसांचे जीव राखले, आणि तरीही मध्यवर्ती भागातल्या हजाराहून अधिक इमारती पाडाव्या लागल्या. जीव वाचवणं आणि शहर वाचवणं यांत अंतर आहे. त्या अंतराची किंमत समाजाला किती मोजायची आहे, हे अभियंत्याने लोकांपुढे मांडायचं असतं.

मांडता यायला भाषा लागते, म्हणजे सोप्या शब्दांत शक्यता सांगण्याची क्षमता. संहितांमध्ये फार वापरला जाणारा ४७५ वर्षांचा पुनरावृत्तिकाल घ्या. पन्नास वर्षांत तेवढे किंवा त्याहून जोरदार हादरे बसण्याची शक्यता दहा टक्के, हा त्याचा अर्थ. घरमालकाला ‘४७५ वर्षांतून एकदा’ सांगितलं की तो निश्चिंत होतो. ‘तुमच्या इमारतीच्या आयुष्यात दहांत एक’ सांगितलं की तो खुर्चीत पुढे सरकतो. दोन्ही वाक्यं एकाच गणितातून येतात. परीक्षेत सूत्र विचारा, जरूर विचारा. पण सोबत एक पान असंही लिहायला लावा जे एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकाला समजेल आणि ज्यावर तो काहीतरी निर्णय घेऊ शकेल.

मी सिद्धांताच्या विरोधात आहे असा समज कृपया करून घेऊ नका. कोयनेचं उदाहरण मला याच कारणासाठी फार महत्त्वाचं वाटतं. ११ डिसेंबर १९६७ ला तिथे भूकंप झाला. धरणाचं डिझाइन ०.०५ हा सगळ्या उंचीवर सारखाच गुणक, म्हणजे वजनाच्या पाच टक्के आडवं बल, धरून केलं होतं. त्या काळची सर्वमान्य पद्धत तीच होती. धरणाच्या गॅलरीतल्या उपकरणाने त्याच्या कितीतरी पट त्वरण नोंदवलं, आणि धरणाच्या वरच्या भागात, जिथे उतार एकदम बदलतो तिथे आडवे तडे गेले. वरचा भाग अधिक जोरात डोलतो आणि उताराच्या बदलाशी ताण एकवटतो, हे स्थिर गुणकाच्या गणितात दिसणं शक्यच नव्हतं. ते गतिकीय विश्लेषणात दिसलं. काँक्रीटच्या धरणांच्या भेगांवर काम करणारे जगभरचे संशोधक आजही आपलं मॉडेल कोयनेच्या नोंदीवर आणि कोयनेच्या तड्यांवर तपासतात. तडा पाहणं आणि समीकरण मांडणं ही दोन कामं तिथे एकमेकांना भेटली, म्हणून ज्ञान पुढे गेलं. कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिजलाही तेच झालं. १९९४ च्या त्या भूकंपात पोलादी चौकटींच्या इमारती दिमाखात उभ्या राहिल्या, सगळे निर्धास्त होते, आणि मग आवरणं काढल्यावर वेल्ड केलेल्या जोडांना तडे सापडले. सर्वांत भरवशाचा मानलेला जोड तो. कुणीतरी आवरण काढून पाहिलं म्हणून पुढची अनेक वर्षांची संशोधनं झाली.

आपल्याकडून येणारे आक्षेप मी ऐकले आहेत. जुन्या इमारती विद्यार्थ्यांना तपासायला कोण देईल? विद्यापीठाच्या स्वतःच्या इमारती आहेत की. वसतिगृहं, ग्रंथालयं, पाण्याच्या टाक्या. त्यांतल्या कित्येक सध्याच्या संहितेच्या आधीच्या आहेत, आराखडे बांधकाम विभागाच्या कपाटात आहेत, आणि परवानगी एका सहीवर मिळते. दरवर्षी प्रत्येक तुकडीने एक इमारत घ्यावी: मोजमाप, काँक्रीटची तपासणी, सळया कुठे आहेत याचा शोध, मातीची माहिती, हाताने केलेलं पहिलं गणित, मग मॉडेल, मग मजबुतीकरणाचा प्रस्ताव आणि खर्चाचा अंदाज. दहा वर्षांत विद्यापीठाकडे स्वतःच्या इमारतींचा असा दस्तऐवज तयार होईल जो विकत घ्यायचा म्हटलं तर परवडणार नाही. शिकवणारे कुठून आणायचे, हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी मजबुतीकरणाची कामं प्रत्यक्ष करणाऱ्या अभियंत्यांना आठवड्यातून एक दिवस वर्गात बोलवा, मानधन द्या आणि गुण देण्याचा अधिकारही द्या. बहुतेक जण आनंदाने येतील. उद्योगाला सॉफ्टवेअर येणारी मुलं हवी असतात, असंही म्हटलं जातं. मी उद्योगातच आहे. सॉफ्टवेअर आम्ही काही आठवड्यांत शिकवतो. ते चुकतं आहे हे ओळखणारी नजर आम्हाला शिकवता येत नाही, त्यासाठी विद्यापीठात मिळणारा निवांत वेळ लागतो.

आणखी एक आक्षेप असा येतो की इमारती ज्ञानाच्या अभावी पडत नाहीत, पैसे खाल्ल्यामुळे पडतात. त्यात अभ्यासक्रम काय करणार? यात तथ्य आहे. अँब्रेसीज आणि बिलहॅम या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिलं की आधीच्या तीस वर्षांत इमारती कोसळून झालेल्या भूकंपबळींपैकी ८३ टक्के अशा देशांत होते जिथला भ्रष्टाचार त्या देशाच्या उत्पन्नाच्या मानाने अपेक्षेपेक्षा जास्त होता. तुर्कस्तानात २०१८ साली नवी, आधुनिक संहिता जाहीर झाली होती. त्याच वर्षी नियम मोडून झालेल्या बांधकामांना पैसे भरून माफी देणारी योजनाही आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये एकट्या तुर्कस्तानात पन्नास हजारांहून अधिक माणसं गेली. पण म्हणूनच हे वर्गात शिकवायला हवं. परवाना कसा मिळतो, देखरेख कोण करतो, काँक्रीट ओतण्याआधी सळया कुणी पाहायच्या, न पाहता सही मागितली तर काय उत्तर द्यायचं. बाविशी-तेविशीतली मुलं पहिल्यांदा साइटवर जातात आणि अनुभवी ठेकेदारापुढे उभी राहतात. ‘ओतकाम थांबवा’ हे वाक्य तिथे उच्चारायला धैर्य लागतं, आणि त्यामागे आपल्या शिक्षकांनी कधीतरी हे बोलून दाखवलेलं असावं लागतं. माझ्या शिक्षकांपैकी एकांनी ते बोलून दाखवलं होतं. त्यांचे मी आजही आभार मानते.

येत्या फेररचनेत सगळं एकदम होणार नाही, याची मला कल्पना आहे. म्हणून क्रम सुचवते. पहिल्या वर्षी फक्त प्रबंधाच्या नियमांत बदल करा: प्रत्येक प्रबंधात एक खरी इमारत, धरण, पूल किंवा टाकी असली पाहिजे, तिच्या मातीची माहिती असली पाहिजे, आणि संगणकाच्या निकालाआधी हाताने केलेला अंदाज जोडलेला असला पाहिजे. यासाठी नवा शिक्षक लागत नाही, निधी लागत नाही, शैक्षणिक परिषदेपुढे एक पानाचा ठराव लागतो. दुसऱ्या वर्षी मूल्यमापन आणि मजबुतीकरण सक्तीचं करा आणि दगड-विटांच्या बांधकामाला त्यात निम्मा वाटा द्या. सांधा बांधून मोडण्याची प्रयोगशाळा तिसऱ्या वर्षी आली तरी चालेल, पण तिची तरतूद आजच्या अंदाजपत्रकात दाखवा, नाहीतर ती कधीच येणार नाही. ठरावाचा मसुदा, तपासणीचे फॉर्म आणि एका सत्राचं वेळापत्रक मी आणि माझे काही सहकारी मिळून तयार करून देऊ. बैठकीला बोलावलंत तर येऊ, आणि पहिल्या तुकडीबरोबर पहिल्या इमारतीच्या तळघरातही उतरू.

आपली नम्र,
एक संरचना अभियंता